कॅफेत कॉफी कोण पितो?

पणजीतल्या कुठल्याही जुन्या कॅफेत जाऊन बसा आणि आजूबाजूच्या टेबलांवर सहज नजर टाका. दहांतले नऊजण चहा पीत असतात. दहावा पुरीभाजी खाऊन संपवण्याच्या गडबडीत असतो, ती संपली की तोही चहाच मागवणार. चुकून कुणी कॉफी मागितलीच तर वेटर क्षणभर त्याच्याकडे बघतो आणि म्हणतो, "काफी? मात्शें रावचें पडटलें." म्हणजे कॅफेत जे पेय नावाप्रमाणे आधी मिळायला हवे, त्याच्यासाठीच थांबायचे!

हे कोडे मला बरीच वर्षे छळत आले आहे. पोर्तुगीज भाषेत 'काफे' म्हणजे कॉफी आणि कॉफी पिण्याची जागाही. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज गेले, पाट्या राहिल्या. पण त्या पाट्यांखाली उकळत राहिला तो चहा. त्यातही गंमत बघा. चहाला 'शा' म्हणणारे हेच पोर्तुगीज. त्यांचा व्यापार मकावमधून चालायचा, म्हणून तिकडच्या कॅन्टोनी लोकांचा शब्द त्यांनी उचलला. डचांनी दुसऱ्या चिनी बंदरांतून दुसरा उच्चार नेला आणि इंग्रजांकडे त्याची 'टी' झाली. १६६२ साली कातारिना ही पोर्तुगीज राजकन्या इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सची राणी झाली, तिने तिथल्या दरबारात चहाची चटक वाढवली. ह्याच लग्नात मुंबई आंदण गेली. म्हणजे चहाचे वेड इंग्रजांना आणि कॉफीची पाटी आम्हाला! वाटणी करणाऱ्याचे हिशेब कच्चे असावेत.

पाट्यांवरची नावेही वाचण्यासारखी. कॅफे रिअल घ्या. आपण 'रिअल' म्हणतो आणि खरा, अस्सल असा अर्थ लावतो. पोर्तुगिजात त्याच अक्षरांचा अर्थ 'राजेशाही' असाही होतो. आता हा कॅफे अस्सल की राजेशाही, हे ज्याने त्याने चहा पिऊन ठरवावे. माझे सगळ्यांत आवडते नाव मात्र कॅफे भोसले. पहिला शब्द लिस्बनचा, दुसरा थेट मराठ्यांच्या बखरीतला. पोर्तुगिजांनी पेडणे घेतले ते सावंतवाडीच्या भोसल्यांकडून, १७८८ साली. त्या तहात जे जमले नसेल ते पाटीवर एका ओळीत जमून गेले. (ह्या कॅफेचा त्या घराण्याशी संबंध आहे असे मी म्हणत नाही, नाहीतर कुणीतरी वंशावळ घेऊन यायचा.)

मागणे एक आणि मिळणे दुसरे, हा आमचा रोजचाच खेळ आहे. सकाळी वाटेत भेटलेला शेजारी "च्या जाली?" असे विचारतो, तेव्हा त्याला चहाची काही पडलेली नसते. पाव, भाजी, पोळे असे जे काही सकाळचे खाणे असेल ते झाले का, असा त्याचा प्रश्न असतो. नुसता चहा पिऊन 'झाली' म्हणणे म्हणजे खोटे बोलणेच. मुंबईहून येणारे पाहुणे तर भाजीपावाशी हमखास अडखळतात. भाजीपाव मागितला की सुकी नाहीतर पातळ भाजी आणि पाव येतो. तेच दोन शब्द उलटे करून पावभाजी म्हणा, लोणी घातलेला लालभडक प्रकार समोर येतो. शब्दांचा क्रम बदलल्यावर पदार्थच बदलणारी दुसरी कुठली भाषा असेल तर मला जरूर कळवा.

घरी कॉफी व्हायची ती जायफळ घातलेली, तीसुद्धा पाहुणा जरा 'मोठा' असेल तर. तिला पाहुण्यांचा मान होता, रोजचा लोभ नव्हता. आता शहरात नवी कॉफीची दुकाने झाली आहेत आणि तिथे खरोखरच कॉफी मिळते, हे कबूल केले पाहिजे. पण तिथे शेजारी अनोळखी माणूस येऊन बसत नाही. जुन्या कॅफेत जागा नसली की वेटर तुम्हाला खुशाल दुसऱ्याच्या टेबलावर बसवतो आणि चहा येईपर्यंत तो दुसरा कुठल्या गावचा, त्याचे कचेरीतले काम का अडले, हे तुम्हाला कळलेले असते. ही सोय महागड्या मगात मिळत नाही.

थंडाची गोष्ट आणखी मजेदार. काजूच्या दिवसांत पेडणे, डिचोली, सत्तरीतल्या भट्ट्यांवरचा उर्राक येतो आणि तो पितात लिमका घालून, वर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. लिमका मूळची पार्ले कंपनीची. पार्ले म्हटले की आम्हाला पु. ल. आठवतात, पण ते असो. १९९३ साली ती कोका-कोलाने विकत घेतली. त्या सौद्यात गेलेला गोल्ड स्पॉट पुढे बाजारातून नाहीसा झाला. लिमका तगली. तिच्या तगण्यात गोव्याच्या उन्हाळ्याचा वाटा किती, हे अटलांटातल्या साहेबांना कुणीतरी सांगायला हवे.

आणि ह्या सगळ्यात जे आमचे खरेखुरे थंड, ते मात्र पणजीत दिसत नाही. नीरो! काजूची बोंडे तुडवून झाली की उरलेल्या चोथ्याचा ढीग रचून त्यावर दगडाचे वजन ठेवतात. त्यातून थेंब थेंब गळतो तो नीरो. स्वच्छ, गोड, किंचित तुरट. दारूचा त्याच्याशी संबंध नाही, निदान सकाळी तरी नाही. दुपार कलली की तो आंबू लागतो. भट्टीजवळच्या गावांत पोरासोरांनी तो पेल्याने प्यायचा आणि पणजीकरांनी त्याचे फक्त नाव ऐकायचे, असे चालत आले आहे.

फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, छान झाले. नीरोचे काय? तो टिकत नाही, हे उत्तर मला पटत नाही. दूधही टिकत नाही, तरी ते रोज पहाटे आपल्या दारात असते. डिचोलीहून पणजी तासाभराची वाट. पहाटे गळलेला नीरो बर्फाच्या पेटीत घालून आठ वाजता कॅफेत पोचवणे काही अशक्य नाही. बारापर्यंत विकायचा, उरलाच तर ओतून टाकायचा. चार-सहा आठवड्यांचाच तर प्रश्न आहे. भट्टीवाल्याला चार पैसे जास्त मिळतील, उन्हात तापून आलेल्या माणसाला बाटलीतल्या रंगीत पाण्याऐवजी फळाचा रस मिळेल. येत्या हंगामात एखाद्या कॅफेवाल्याने फळ्यावर खडूने 'नीरो आहे' एवढे लिहून बघावे. चहाचा माझा पेला मी त्या दिवसापुरता बाजूला ठेवीन, आणि टेबलावर आधीच कुणी बसलेले असले तरी चालेल.