हळू चालणारे वादळ

वादळ कसे तडकाफडकी यावे आणि जावे, अशी आमची समजूत. 'बिपरजॉय'ने ती पार मोडली. 6 जून 2023 ला अरबी समुद्रात ते आकाराला आले आणि 15 तारखेच्या संध्याकाळी कच्छमध्ये जखाऊजवळ किनाऱ्याला लागले! नाव बंगाली, मूळ आपलाच 'विपर्यय'. वरच्या हवेतले वारे ढकलतील तसे वादळ सरकते. ते दुबळे असले की त्याची गोगलगाय होते.

आमच्या अंधेरीच्या घरी पहिले दोन दिवस काय ती धांदल! चिरंजिवांनी हवामानखात्याची पत्रके वाचून नकाशावर रेघ ओढावी, सौभाग्यवतींनी गॅलरीतल्या कुंड्या आत घ्याव्यात. चौथ्या दिवशी कुंड्या पुन्हा बाहेर! "येतंय कसलं!" म्हणत मंडळी वेसाव्याला लाटा पाहायला निघाली. मीही निघालो, खोटे कशाला सांगू? वाटेत नेहमीच्या कोळणीने हटकले, "दादा, वारा लांब हाय, पन लाट हितं येते." आम्ही हसून पुढे गेलो. सुदैवाने किनाऱ्यावरच थांबलो.

12 जूनला वादळ मुंबईपासून शेकडो किलोमीटर दूर होते. त्या दिवशी जुहूला पाच मुले खवळलेल्या पाण्यात उतरली. एक वाचला. चौघे बुडाले.

चिरंजिवांच्या नकाशावर जुहू आणि आमचे घर एकाच ठिपक्यात मावत होते. त्या रात्री कोणी काही न बोलता कुंड्या आत आणल्या.