छंद म्हणे!

रामवाडीतली आमची एक मैत्रीण सात वर्षं एका खाजगी शाळेत जाझ आणि हल्लीची गाणी शिकवते. तिला पगार नाही, ‘मानधन’ मिळतं. संस्थाचालक म्हणतात, बाईंचा छंद आहे. पीटीच्या सरांचा छंद नसतो वाटतं!

गाणाऱ्या बाईच्या गळ्यावर दुसऱ्यानंच हक्क सांगायचा, हे जाझलाही नवं नाही. गोव्याची लाडकी लोर्ना मुंबईच्या क्लबांत गाजली. पण बँडमास्तर ख्रिस पेरींशी केलेल्या करारानं तिला दुसऱ्या कुणाबरोबर गायची मुभाच ठेवली नाही. सत्तरच्या दशकात थांबलेलं तिचं गाणं १९९५च्या सुमाराला पुन्हा ऐकू आलं. तिला कागदानं बांधलं. आमच्या मैत्रिणीला कागदच देत नाहीत. नियुक्तीपत्र मागितलं, तर ‘आमच्यावर विश्वास नाही का?’

मैत्रिणींनो, २००९च्या दुरुस्तीनं खाजगी शाळांतल्या शिक्षकांना ३ एप्रिल १९९७पासून ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानंही तो उचलून धरला. त्यात गाण्याच्या बाईंना वगळा, असं कुठंही लिहिलेलं नाही. मानधनावर पाच वर्षं काढलेल्या कुणी असाल, तर हजेरीच्या सह्या, पैशांच्या पावत्या जपून ठेवा आणि आमच्या गटाकडे या. पहिला अर्ज लिहून झाला आहे.