रंगनावांचे वाचन : जुन्या मोटारींच्या निमित्ताने

क्रायस्लर कंपनीच्या १९७० सालच्या मोटारींमध्ये इंजिनाच्या कप्प्यात पत्र्याची एक लहानशी पट्टी बसवलेली असे. इतर तपशिलांबरोबर तीवर रंगाचा संकेतही उठवलेला असे. ‘एफसी७’ हा असाच एक संकेत. त्याचा अर्थ एक विशिष्ट भडक जांभळा रंग. हाच रंग डॉजच्या मोटारीवर चढला की त्याचे नाव ‘प्लम क्रेझी’ होई आणि प्लिमथच्या मोटारीवर चढला की ‘इन-व्हायोलेट’. ‘एफएम३’ या गुलाबी रंगाचीही तीच कथा. डॉजच्या गिऱ्हाइकासाठी तो ‘पँथर पिंक’ होता, तर प्लिमथच्या गिऱ्हाइकासाठी ‘मूलाँ रूज’. एकाच रंगात एकाला श्वापद दिसावे आणि दुसऱ्याला पॅरिसमधले नृत्यगृह, अशी ही योजना होती.

जुनी मोटार मूळ रूपात आणू पाहणारा कारागीर संकेत पाहतो आणि नाव बाजूला ठेवतो. त्याचे काम तेवढ्यावर भागते. साहित्याच्या अभ्यासकानेही ही नावे जाहिरातबाजी म्हणून सोडून द्यावीत काय? आम्हांला तसे वाटत नाही.

रंगाला नाव लागते ते निवड करायची असेल तेव्हाच, ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यायला हवी. फोर्डची ‘मॉडेल टी’ १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगात मिळत असे. तिथे ‘काळा’ एवढा शब्द पुरेसा होता. पुढे ड्यूपाँट कंपनीचा ‘ड्यूको’ हा लवकर वाळणारा रंग आला. पूर्वी रंगकामाला आठवडे लागत, ते काम आता तासांवर आले. जनरल मोटर्सने हा रंग १९२४ सालच्या ओकलंड मोटारींना दिला आणि त्याच्या निळ्या छटेला नाव दिले ‘ट्रू ब्लू’. इंग्रजीत या शब्दांचा अर्थ एकनिष्ठ, अस्सल असाही होतो. म्हणजे या नव्या रंगाचे पाऊल पडले तेच श्लेषासह. १९२७ साली त्याच कंपनीने हार्ली अर्ल यांच्या नेतृत्वाखाली कला आणि रंग यांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. रंग ही आता विक्रीची बाब झाली होती.

आपल्या भाषेतील रंगनावे याहून वेगळ्या वाटेने आली आहेत. जांभळा, डाळिंबी, आमसुली, तपकिरी ही नावे वस्तूवरून पडली आणि वापरातून रुळली. तपकीर ओढणारी पिढी जवळजवळ संपली, तरी तपकिरी रंग कोणता हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. कारखान्यातील नावाचा हेतूच निराळा असतो. ते रंग दाखवण्याऐवजी तो घेणारा स्वतःला कोण समजतो हे सुचवते. भाषाविज्ञान शिकवताना चिन्ह आणि वस्तू यांचा संबंध यादृच्छिक असतो, असे आपण सांगतो. इथे मात्र संबंध योजलेला आहे, आणि योजणाऱ्याचा हेतू उघड आहे.

या योजनेत भाषेचे कौशल्य कमी नाही. डॉजच्या पोपटी रंगाचे ‘सब्लाइम’ हे नाव पाहावे. काव्यशास्त्रात ज्याला आपण ‘उदात्त’ म्हणतो तो हा शब्द, आणि त्याच्या पोटात इंग्रजीतले लिंबू लपलेले. फोर्डने १९६९ साली बाजारात आणलेल्या ‘मॅव्हरिक’ मोटारीची नावे तर श्लेषांचा खजिनाच आहेत. ‘ओरिजिनल सिनॅमन’मध्ये ख्रिस्ती धर्मातील आदिपाप आणि दालचिनी एकत्र येतात. ‘फ्रॉइडियन गिल्ट’मध्ये मनोविश्लेषणातला अपराधभाव सोन्याचा मुलामा होऊन बसतो. आणि ‘अँटी-एस्टॅब्लिश मिंट’मध्ये प्रस्थापितविरोध पुदिन्याच्या हिरव्यात विरघळतो.

या शेवटच्या नावापाशी मात्र हसू थांबते. प्रस्थापितविरोध हा त्या काळी अमेरिकेत केवळ शब्द नव्हता. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले होते. ४ मे १९७० रोजी ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात ४ विद्यार्थी ठार झाले. ज्या शब्दामागे एवढी किंमत मोजली जात होती, तोच त्या काळात एका स्वस्त मोटारीच्या रंगासाठी वापरला गेला. कंपनीने बंडाला विरोध केला नाही, त्याची टिंगल करण्याचीही तिला गरज भासली नाही. तिने त्याचा श्लेष केला, आणि श्लेष झाला की शब्दाची धार बोथट होते. बाजार भाषा कशी पचवतो याचे इतके आटोपशीर उदाहरण आम्हांला क्वचितच आढळले आहे.

यावर कोणी म्हणेल की रंगाच्या नावावर एवढा भार टाकू नये. ते गमतीने दिलेले होते आणि गमतीनेच घ्यावे. गंमत आम्हांलाही कळते. परंतु १९५५ साली याच फोर्ड कंपनीने नव्या मोटारीला नाव सुचवण्यासाठी मेरियन मूर या कवयित्रीला पत्र लिहिले होते. तिने ‘यूटोपियन टर्टलटॉप’सारखी विलक्षण नावे कळवली. त्यांपैकी एकही न स्वीकारता कंपनीने हेन्री फोर्ड यांच्या मुलाचे ‘एडसेल’ हे नाव मोटारीला दिले. शब्दाची ताकद कंपनी ओळखून होती. तो कोणाच्या कामी यावा, हेही तिने ठरवलेले होते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, ही नावे वर्गात वाचली जावीत. त्यांना कवितेचा मान देण्याचे कारण नाही. पण कवितेतला श्लेष उलगडायला आपण ज्या विद्यार्थ्याला शिकवतो, त्याला विक्रेत्याच्या पत्रकातला श्लेषही उलगडता आला पाहिजे. आयुष्यात त्याची गाठ दुसऱ्याशीच अधिक वेळा पडणार आहे.