खिडकी बुजवू नका

गेल्या मार्गशीर्षात चाळिशीतील एक गृहिणी माझ्या दवाखान्यात आल्या. डोळ्यांची आग, कोरडा खोकला आणि दुपारनंतर जड होणारे डोके अशी त्यांची तक्रार होती. छाती स्वच्छ होती. ऋतुबदलाचा त्रास समजून मी दोनदा औषध लिहून दिले आणि दोन्ही वेळा चुकलो. तिसऱ्या खेपेस त्या सहज म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, अंबडला माहेरी चार दिवस होते, तेव्हा काहीच त्रास नव्हता." तेव्हा कुठे मी विचारले, घरात नवे काय झाले आहे? दिवाळीपूर्वी स्वयंपाकघर नवे केले होते. जुनी स्टीलची मांडणी भंगारात गेली, भिंतभर पार्टिकल बोर्डची कपाटे आली आणि त्यांच्यामागे पूर्वेची खिडकी बुजली.

पार्टिकल बोर्ड, एमडीएफ आणि स्वस्त प्लायवूड यांतील डिंकातून फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू अनेक महिने झिरपत राहतो. उष्णता व दमटपणा वाढला की तो अधिक सुटतो. आणि आपल्या जालन्याचा उन्हाळा तर सर्वांना ठाऊक आहे. हा वायू डोळे व श्वासनलिकेचा दाह करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केली आहे. गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड आणि फोडणीचा धूर यांची त्यात भर पडते.

म्हणून पर्यावरणस्नेही स्वयंपाकघराची पहिली पायरी म्हणजे आहे ते टिकवणे. सागवानी फडताळाला नवी बिजागरी बसवा, मांडणी घासून पुन्हा वापरा. स्टील कधी टाकावेच लागले, तर आपल्याच गावच्या भट्ट्यांत वितळून त्याच्या सळया होतात. सनमायका चिकटवलेल्या फळीला मात्र असा पुनर्जन्म नाही. नवीन बोर्ड घ्यायचाच असेल, तर 'ई-झिरो' किंवा 'ई-वन' या कमी उत्सर्जनाच्या श्रेणीचा मागा आणि त्याच्या कापलेल्या कडा बंद करून घ्या.

जुन्या दारांचा तैलरंग कोरडा खरवडू नका. त्यात शिसे असू शकते. भारतात घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाबाबत सावध असावे. तो ओला करून काढावा आणि त्या काळात लहान मुले व गर्भवती यांना दूर ठेवावे.

ओट्याचा दगड कापणाऱ्या कारागिराचाही विचार करा. ग्रॅनाइटच्या आणि त्याहून अधिक कृत्रिम क्वार्ट्झच्या धुळीत सिलिका असते. तिने होणाऱ्या सिलिकोसिसवर उपाय नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदीच घातली. दगड घराबाहेर आणि पाणी मारूनच कापला जावा, हे आपण आग्रहाने सांगावे.

आता पाण्याविषयी. २०१२-१३ च्या दुष्काळात कोरडा पडलेला घाणेवाडीचा तलाव ज्यांनी पाहिला, त्यांना अधिक सांगणे नलगे. नळाला हवा मिसळून पाणी सोडणारी जाळी बसवा. शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारे पाणी फरशी पुसण्यास घ्या. तांदूळ-भाज्या धुतलेले पाणी परसबागेला द्या. त्यासाठी वेगळी नळी ओटा बांधतानाच टाकणे सोपे जाते.

त्या भगिनींनी खिडकीवरचे कपाट उतरवले, बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला. तीन आठवड्यांत खोकला ओसरला. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडू नये, हे मी जाणतो. परंतु घराविषयी विचारण्यास मी आता तिसऱ्या भेटीची वाट पाहत नाही.

चिमणी घ्याल तर नळीवाटे धूर घराबाहेर सोडणारीच घ्या. बिननळीची चिमणी तेलकटपणा अडवते, मात्र वायू खोलीतच परत सोडते. आणि सुताराला बोलावण्यापूर्वी एकदा फोडणीच्या वेळी स्वयंपाकघरात उभे राहा. धूर कोणत्या वाटेने बाहेर जातो, ते पाहा. ती वाट मोकळी ठेवूनच पुढचा आराखडा काढा.