सात रुपयांचं ‘हार्ट अटॅक किट’: यातली कोणती गोळी घातक ठरू शकते?

‘छातीत दुखलं की या तीन गोळ्या घ्या, जीव वाचेल’ असा मेसेज अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. त्याचं मूळ 2024 च्या सुरुवातीला कानपूरहून पुढे आलेल्या ‘राम किट’मध्ये आहे. यात अ‍ॅस्पिरिन, रोसुवास्टॅटिन आणि सॉर्बिट्रेट असतात. तिन्ही औषधं हृदयविकारात वापरली जातात, पण तिघांचं काम वेगवेगळं आहे.

कोणती गोळी काय करते?

अ‍ॅस्पिरिन रक्ताची गुठळी वाढू देत नाही. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-2’ या अभ्यासात 17 हजारांहून अधिक रुग्ण होते. अ‍ॅस्पिरिनमुळे पाच आठवड्यांतले हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू सुमारे 23 टक्क्यांनी कमी झाले.

रोसुवास्टॅटिन कोलेस्टेरॉल कमी करतं. ते रोज, दीर्घकाळ घ्यायचं औषध आहे.

जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट रक्तवाहिन्या सैल करते. हृदयावरचा भार हलका होतो, दुखणं कमी होतं. पण बीपीही खाली येतं. धोका इथेच आहे.

बीपी आधीच पडलेलं असेल तर?

हृदयाच्या उजव्या बाजूला अटॅक आला असेल, तर हृदय परत येणाऱ्या रक्तावरच तग धरून असतं. सॉर्बिट्रेटने ते रक्तही घटतं आणि बीपी कोसळू शकतं. हा अटॅक कुठल्या बाजूचा, हे ईसीजीशिवाय कळत नाही. व्हायग्रासारखी गोळी घेतलेल्यांनाही हाच धोका असतो.

‘शॉक’ म्हणजे काय?

अवयवांना पुरेसा रक्तपुरवठा न होणं म्हणजे शॉक. त्याचे चार प्रकार आहेत:

- रक्त किंवा पाणी कमी होणं (अपघात, जुलाब): रक्त, सलाईन द्यावं लागतं.
- हृदयाचा पंप कमजोर होणं (मोठा हार्ट अटॅक): बंद रक्तवाहिनी उघडावी लागते. इथे जास्त सलाईन दिलं तर फुप्फुसात पाणी साचतं.
- रक्तवाहिन्या एकदम सैल पडणं (गंभीर जंतुसंसर्ग, तीव्र अ‍ॅलर्जी): जंतुसंसर्गात सलाईन, अँटिबायोटिक आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन, अ‍ॅलर्जीत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन.
- वाटेत अडथळा येणं (फुप्फुसात गुठळी, हृदयाभोवती पाणी): अडथळाच दूर करावा लागतो.

चारही प्रकारांत बीपी घसरू शकतं, पण उपचार वेगळे. एकाला तारणारं औषध दुसऱ्याला मारक ठरू शकतं.

मग करायचं काय?

छातीत दाब, गार घाम, दम लागणं दिसलं की 108 ला फोन करा आणि ईसीजीची सोय असलेलं रुग्णालय गाठा. अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर फोनवर डॉक्टरांना विचारून अ‍ॅस्पिरिन चावून घेता येते. सॉर्बिट्रेट मात्र ज्यांना डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्यांनीच, सांगितल्याप्रमाणे, बसून घ्यावी. चक्कर येत असेल किंवा बीपी कमी असेल तर ती घेऊ नये.

गोळी घेतल्यावर बरं वाटलं म्हणून घरी थांबणं हा यातला सर्वांत मोठा धोका आहे. दुखणं थांबतं, पण रक्तवाहिनी बंदच राहू शकते. तोवर हृदयाचा स्नायू मरत असतो.