मोटारीतील आवाज मधूनच का जातो?

पनवेलहून पुण्याकडे निघालेल्या मोटारीत प्रवचनाची ध्वनिफीत चालू असते आणि वाक्य अर्ध्यावर असतानाच आवाज नाहीसा होतो; खड्डा लागला की परत येतो. चालकाने अशा वेळी बटणे चाचपू नयेत. द्रुतगती मार्गावर तेवढे दुर्लक्षही जिवावर बेतते.

भाताण बोगद्यात रेडिओ गप्प झाला, तर तो दोष नव्हे. डोंगराखाली लहरी पोहोचत नाहीत. पेन ड्राइव्हवरील आवाजही जात असेल, तर मात्र गाडी सुरक्षित जागी उभी करून आवाज क्रमाने डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे वळवून पाहावा. दारातील एकच स्पीकर मुका असल्यास बिजागरीजवळच्या रबरी नळीवर आधी संशय घ्यावा. दार उघडता-मिटताना तेथील तार वाकून वाकून आतल्या आत तुटते; वरचे आवरण शाबूत दिसते, म्हणून कारागीरही फसतो. दार सावकाश हलवताना आवाज ये-जा करू लागला, की दोष सापडला.

सर्वच स्पीकर थांबले आणि संचाचा दिवाही विझला, तर वीजजोडणी सैल असते. पावसाळ्यातील दमट हवेने तांब्यावर हिरवट थर चढतो. दिवा चालू राहिल्यास, सोललेली तार पत्र्याला टेकते का, ते पाहावे. रोजमेळात रुपयाचा फरक पडला म्हणून कोणी नवी वही आणत नाही. संचाच्या बाबतीत मात्र तोच सल्ला चटकन मिळतो.

फ्यूज वारंवार जात असल्यास अधिक क्षमतेचा कदापि बसवू नये. तारा तापून पेट घेतात.