रस्त्याची कड कोणाची?

या स्मरणिकेच्या पानांवर शाळेच्या वाटचालीचे, गुरुजनांचे आणि वसतिगृहातील दिवसांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. आम्ही मात्र संपादक मंडळाची अनुमती घेऊन शाळेच्या फाटकाबाहेरील एका विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तो विषय म्हणजे फाटकासमोरून जाणारा रस्ता आणि त्या रस्त्यावरून सायकलीने येणारी-जाणारी माणसे.

आमच्या विद्यार्थिदशेत हा रस्ता अरुंद, डांबरी होता. दोन्ही अंगांस वड-चिंचेची झाडे आणि झाडांखाली मुरमाची ऐसपैस साइडपट्टी. समोरून एस.टी. आली की सायकलस्वार साइडपट्टीवर उतरे आणि गाडी गेली की पुन्हा डांबरावर येई. आज तेथे चौपदरी काँक्रीटचा रस्ता झाला आहे. तो चांगला झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. आजारी विद्यार्थ्याला जिल्ह्याच्या रुग्णालयात नेण्यास पूर्वी लागणारा वेळ आता निम्म्यावर आला आहे. परंतु काँक्रीटची कड आणि बाजूचा मुरूम यांच्या उंचीत वीतभराचे अंतर आहे. पावसाळ्यात मुरूम वाहून गेला की ते हातभर होते. मागून मोठे वाहन आले असता सायकलस्वाराने खाली उतरावे, असे सर्वजण म्हणतात. पण त्या कडेवरून खाली उतरणे म्हणजे पडणेच होय.

या रस्त्यावर सायकल कोण चालवितो, हेही पाहिले पाहिजे. वसतिगृहातील विद्यार्थी आवारातच राहतात. सायकलीने येतात ते जवळपासच्या वाड्या-वस्त्यांवरून दिवसाच्या शाळेस येणारी मुले-मुली, पहाटे येणारे दूधवाले, भोजनगृहातील मावशींना सोडावयास येणारी त्यांची मुले आणि रात्रपाळीचे पहारेकरी मामा. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातील मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शासन सायकली देते. बिहारमध्ये २००६ साली अशीच योजना सुरू झाली आणि मुलींचे शाळेत येण्याचे प्रमाण त्यामुळे वाढल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले. सायकल दिली म्हणजे शाळेचे अंतर कमी झाले, हे खरेच. परंतु ती सायकल ज्या रस्त्यावर चालवावयाची, त्या रस्त्याची कड ठेकेदाराने कशी सोडली आहे, हे पाहण्याची जबाबदारी त्याच शासनाच्या दुसऱ्या खात्याकडे असते आणि या दोन खात्यांची भेट क्वचितच होते.

गेल्या पावसाळ्यात आमचे पहारेकरी मामा रात्री कामावर येत असता मागून आलेल्या एका मालवाहू वाहनाचा आरसा त्यांच्या हँडलला लागला. मामा कडेवरून खाली फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. वाहन थांबले नाही. क्रमांक कोणी पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना भेटावयास आलेल्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाने एकच वाक्य उच्चारले : अंधारात सायकलवर यावयाचे कशाला? आम्हीही ते मनात म्हटलेच होते, हे येथे कबूल करतो. मामांचे उत्तर साधे होते. रात्रपाळी म्हटल्यावर अंधारातच यावे लागते आणि त्या वेळी दुसरे कोणतेही वाहन मिळत नाही.

अपघातानंतर दोष प्रथम दुबळ्याच्या पदरात टाकण्याची ही सवय आमच्या समाजास नवी नाही, आणि तिचा अनुभव या शाळेच्या पालकांना इतरांपेक्षा अधिकच आहे. रस्त्यावरील सर्वांत संथ, सर्वांत हलक्या वाहनाने सर्व काळजी घ्यावयाची आणि वेगवान, वजनदार वाहनाने केवळ भोंगा वाजवावयाचा, हा न्याय उफराटा आहे. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, अशी केंद्र सरकारची नोंद आहे. त्यांत पादचारी बत्तीस हजारांहून अधिक आणि सायकलस्वार साडेचार हजारांहून अधिक होते. यांपैकी कोणीही आपल्या वाहनाखाली दुसऱ्याला चिरडले नव्हते.

सायकलस्वार चुकत नाहीत, असे आमचे म्हणणे नाही. शाळा सुटल्यावर तिघे-तिघे बरोबरीने गप्पा मारीत जातात, कानात इअरफोन घालतात, हात न दाखविता वळतात. उलट्या बाजूने येणे हा तर सर्वांत मोठा दोष मानला जातो. पण हा दोष कोठून आला, ते पाहावे. पूर्वी वस्तीवरून शाळेत यावयाचे म्हणजे रस्ता ओलांडावा लागे, इतकेच. आता मध्ये दुभाजक आहे आणि त्यातील मोकळी जागा पेट्रोल पंपाजवळ आहे. नियमाने यावयाचे तर शाळेसमोरून पुढे जाऊन, तेथे वळून, पुन्हा तेवढेच मागे यावे लागते. मोटारीला हे दोन-तीन मिनिटांचे काम आहे. दप्तर पाठीवर घेतलेल्या मुलीला उन्हात किंवा वाऱ्याच्या विरुद्ध पायडल मारीत ते अंतर कापावे लागते. ती उलट्या बाजूने येते आणि आपण तिला बेशिस्त म्हणतो! दुभाजक आखणाऱ्याच्या नकाशावर ती मुलगी नव्हतीच.

वेगाचे गणित शाळेतील विज्ञान शिक्षकांनी मुलांना, आणि आम्हांसही, एकदा फळ्यावर मांडून दाखवावे. चालकाला अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ३० किलोमीटर वेगात तेवढ्यात मोटार ८ मीटर पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर सुमारे १३ मीटरांत पूर्ण थांबते. ताशी ६० किलोमीटर वेगात एका सेकंदातच ती सुमारे १७ मीटर जाते आणि थांबेपर्यंत ३६ मीटर ओलांडते. वेग दुप्पट झाला, पण थांबण्याचे अंतर जवळजवळ तिप्पट झाले. धडकेचा जोर तर चौपट होतो, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २०२० साली स्टॉकहोम येथे भरलेल्या जागतिक परिषदेने जेथे मोटारी, सायकली व पादचारी एकत्र येतात तेथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असे जे म्हटले, त्यामागे हेच गणित आहे. आमच्या फाटकाबाहेर शाळेचा फलक आहे. वेगाचा एकही नाही.

नेदरलँड्स हा सायकलींचा देश म्हणून आपण ऐकतो आणि तेथील लोकांचा स्वभावच तसा असेल, असे समजून सोडून देतो. वस्तुस्थिती निराळी आहे. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्ते अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. मोटारींना जागा करून देण्यासाठी तेथेही सायकलवाटा मोडल्या जात होत्या. मुलांची हत्या थांबवा, अशा अर्थाचे नाव घेऊन पालक रस्त्यावर उतरले. त्यानंतर १९७३ चे तेलसंकट आले, आणि मग कोठे राज्यकर्त्यांनी स्वतंत्र सायकलवाटा व संथ वस्तीरस्ते आखावयास आरंभ केला. तेथील आजची व्यवस्था आईबापांनी भांडून मिळविलेली आहे. आमच्या पुण्यालाही एके काळी सायकलींचे शहर म्हणत. तेथे पुढे सायकलमार्ग बांधले गेले, पण त्यांतील कित्येकांवर आज हातगाड्या आणि दुचाकी उभ्या असतात, हे तेथे राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच.

कायद्याबाबत दोन गोष्टी पालकांना माहीत असाव्यात, म्हणून लिहितो. अज्ञात वाहनाच्या धडकेत मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये आणि गंभीर दुखापत झाल्यास पन्नास हजार रुपये भरपाई मिळण्याची केंद्राची योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तिचा अर्ज महसूल खात्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदार अशा अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. मामांच्या बाबतीत हे आम्हांपैकी एकालाही ठाऊक नव्हते, पोलिसांत नोंदही वेळेवर झाली नाही, आणि उपचाराचा खर्च वर्गणी काढून भागविला. वर्गणी देणाऱ्यांचा हात मोठा होता. तरीही जे हक्काचे होते ते दानाने भागले, याची खंत वाटते. दुसरी गोष्ट अशी की, मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार जखमीला सद्‌भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. त्याला नाव सांगण्याची वा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. त्या रात्री दोन मोटारी मामांना ओलांडून गेल्या, असे मामा सांगतात.

आता थोडे आवाराच्या आत पाहू. वृद्ध पाहुणे व आजारी विद्यार्थी यांच्यासाठी संस्थेने बॅटरीवर चालणारी छोटी गाडी घेतली आहे. तिला सर्वजण गोल्फ कार्ट म्हणतात, आवारात गोल्फ कोणी खेळत नसले तरी. गाडी उपयोगाची आहे, पण तिला आवाज नाही, आणि ती जाते त्याच वाटेवर मुले धावतात, कर्मचारी सायकल चालवितात. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पीचट्री सिटी नावाचे गाव आहे. तेथे सुमारे १६० किलोमीटर लांबीच्या वाटांवर अशा गाड्या, सायकली आणि पायी चालणारे एकत्र वावरतात व मोठे रस्ते भुयारांतून आणि पुलांवरून ओलांडतात. एवढ्या छोट्या गाडीसाठीही तेथे नोंदणी आणि चालकाच्या वयाचे नियम आहेत. आमच्या आवारात नववीचा विद्यार्थी गाडी चालविताना आम्ही स्वतः पाहिला. चालक एकच नेमावा, वळणावर घंटा वाजवावी आणि पायी चालणाऱ्यास व सायकलीस वाट आधी द्यावी, एवढे नियम मुख्याध्यापकांनी सूचनाफलकावर लावण्यास काही खर्च नाही.

सर्वांत अवघड गोष्ट शेवटी लिहीत आहोत, कारण ती आपल्याच विषयी आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे वडील सायकलीवर कामाला जात. सायकल ही त्या घरातील पहिली मोठी खरेदी असे. तिला कर्ज काढावे लागे, दिवा नसला की पोलीस अडवीत आणि दिव्यासाठी डायनॅमो लावला की पायांना दुप्पट श्रम पडत. त्या सायकलीच्या मागच्या कॅरिअरवर ट्रंक बांधून आपण या वसतिगृहात आलो. आज आपण मोटारीने येतो, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु मागील मेळाव्याच्या दिवशी आपल्या मोटारी फाटकाच्या दोन्ही बाजूंस, उरल्यासुरल्या साइडपट्टीवर, सकाळपासून सायंकाळपर्यंत उभ्या होत्या. मेळावा रविवारी असल्याने शाळेची मुले नव्हती. दूधवाले आणि मावशींची मुले मात्र होती आणि ती भर रस्त्यातून, ट्रकच्या पुढून वाट काढीत होती. ट्रकवाल्यांना दोष देण्यापूर्वी आपण हे आठवावे.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांना वापरण्याजोगा पदपथ मिळणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या अधिकाराचा भाग असल्याचे सांगितले. सायकलस्वाराविषयी तसे स्पष्ट शब्द येतील तेव्हा येतील. तोवर वाट पाहत बसण्याचे कारण नाही. शाळेपासून वस्तीच्या फाट्यापर्यंत काँक्रीटलगत मुरूम दाबून कड समपातळीत आणावी, शाळेसमोर दुभाजकात सायकल व पायी जाणाऱ्यांपुरती मोकळी जागा ठेवून तेथे गतिरोधक व वेगमर्यादेचा फलक लावावा आणि फाट्यावर दिवा असावा, असा अर्ज आम्ही बांधकाम विभागाच्या नावे तयार केला आहे. ग्रामपंचायतीचा ठराव त्यास जोडावयाचा आहे. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर लावण्याविषयीचे पत्र गळीत हंगामापूर्वी कारखान्याला जावे, असाही विचार आहे.

मामा दिवाळीनंतर पुन्हा कामावर आले. पायाने थोडे लंगडतात आणि येतात सायकलवरच. एका माजी विद्यार्थ्याने त्यांच्या मडगार्डला आणि पायडलना चमकणारी पट्टी लावून दिली. डायनॅमोचा दिवा सायकल थांबली की विझतो, ही पट्टी तशी विझत नाही. दिवसाच्या शाळेतील सायकलींना अशीच पट्टी लावण्यासाठी लागणारे रूळ आणून ठेवले आहेत. लावावयास हात हवे आहेत. येत्या मेळाव्यास मोटारी मागील बाजूच्या क्रीडांगणावर उभ्या करण्याची व्यवस्था केली आहे, त्यासाठी मागचे फाटक सकाळी सात वाजता उघडेल. अर्ज कार्यालयातील टेबलावर असेल. त्यावर सही करताना पूर्ण नाव, गाव आणि शाळा सोडल्याचे वर्ष लिहावे.